पोरगं बुजलंय

९ नोव्हेंबर २०२४, शनिवार. अर्ध्या दिवसाची शाळा सुटल्यावर माझा आठ वर्षांचा भाचा बापाबरोबर म्हशी वळवायला रानात गेला. इथं त्याला बाळू म्हणतो, खरं नाव वेगळं आहे. खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पलीकडच्या रानात आमचा गवळी-धनगरांचा वाडा आहे, बारा घरांचा. मी स्वतः बेळगावात उद्यमबागेत एका कारखान्यात स्टोअरला असतो. वाड्यातला बारावीच्या पुढं शिकलेला पहिला, म्हणून कागद म्हटला की फोन मला.

दिवस मावळताना कारवीच्या जाळीतून अस्वल उठलं आणि दाजींच्या अंगावर आलं. डोक्याची कातडी आणि उजवा हात त्यानं फाडला. बाळू पळत वाड्यावर आला, पण तोंडातून शब्द फुटेना. आज्जीचा हात धरून नुसता ओढत राहिला. माणसं गेली, दाजींना कांबळ्याच्या झोळीत घालून साडेतीन किलोमीटर डांबरी रस्त्यापर्यंत आणलं. तिथं मोबाईलला रेंज मिळते, तिथून १०८ला फोन केला. बेळगावात पोचेपर्यंत रात्रीचे अकरा.

पुढचे अकरा दिवस आम्ही सगळे दाजींभोवती. बाळूला शेजारच्या घरी ठेवलं होतं. कुणी विचारलं तर शेजारीण सांगायची, "शांत हाय, काय त्रास न्हाय." त्या शांतपणाला आम्ही शहाणपण समजलो.

घरी आल्यावर कळलं. रात्री अंथरूण ओलं. कुकरची शिट्टी झाली की भिंतीला चिकटायचा. बापाच्या टाके घातलेल्या तोंडाकडं बघायचा नाही. आणि सगळ्यात अवघड म्हणजे म्हशींना भ्यायचा. काळं, केसाळ, संध्याकाळच्या वेळी हलणारं काहीही दिसलं की झालं. आमच्या वाड्यात माणसं चाळीस आणि म्हशी सत्तर, त्यात आज्जीची कांबळीसुद्धा काळी. पोरानं जायचं कुठं?

आधी आम्ही आमच्या रीतीनं गेलो. हे बऱ्याच जणांना डॉक्टरसमोर सांगायला लाज वाटते, म्हणून इथं सरळ लिहितो. अमावस्येला देवऋष्याकडं नेलं. अंगारा, लिंबू, कोंबडा आणि दक्षिणा धरून १,६०० रुपये गेले. तो म्हणाला, पोराचा जीव भ्यायल्या जागेवरच राहिलाय, हाक मारून परत आणायला पाहिजे. आज्जी लगेच निघाली. बाळूला त्या जागेकडं न्यायला लागल्यावर तो रस्त्यातच आडवा पडला, अंग ताठ झालं. परत आणला.

मग मी त्याला शहरातल्या एका डॉक्टरकडं नेलं. फी ६००, वेळ चार मिनिटं. कागदावरून डोकं न उचलता त्यांनी विचारलं, "जंगलात राहता कशाला? पोराला हॉस्टेलला टाका." आक्का बाहेर आल्यावर म्हणाली, "परत या दारात पाय ठेवायचा न्हाय." त्या गोळ्या आम्ही दिल्याच नाहीत. हे बरोबर केलं असं म्हणत नाही, पण झालं ते असं.

वाट दाखवली ती शाळेच्या गुरुजींनी. त्यांनी सांगितलं, कर्नाटकात तालुका दवाखान्यात मंगळवारी मनोविकारतज्ज्ञ बसतात, मनोचैतन्य नावाची योजना आहे. फोनवर बोलायचं असेल तर १४४१६, टेलिमानस, फुकट. मी त्याच रात्री कारखान्याच्या गेटवरून फोन लावला. पलीकडच्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि आधी दिवस मोजले. म्हणाल्या, असा प्रसंग झाल्यावर पहिल्या महिन्यात ही लक्षणं खूप मुलांत दिसतात, पुष्कळदा आपोआप उतरतात. महिना उलटूनही तशीच असतील तर थांबू नका, दाखवा. त्या दिवशी सव्वीसावा दिवस होता. आणखी एक गोष्ट त्यांनी बजावली: काय झालं ते सांग, सांग, म्हणून त्याच्या मागं लागू नका. आम्ही नेमकं तेच करत होतो. वाड्यावर येणारा प्रत्येक पाहुणा विचारायचा, "अस्वल केवढं होतं रे?"

१० डिसेंबरला मंगळवारच्या ओपीडीला गेलो. सकाळी साडेआठला केसपेपर काढला, नंबर आला सव्वाबाराला. जाताना मुलाचं आधार कार्ड, शाळेचं बोनाफाईड आणि बापाचा डिस्चार्ज कार्ड न्या; शेवटचा कागद मागत नाहीत, पण तो दाखवला की चार वाक्यांची कहाणी एका नजरेत कळते. पोरासाठी खायला काहीतरी न्याच. डॉक्टरांनी शांतपणे बघितलं, गोळी दिली नाही आणि चिठ्ठी लिहिली: धारवाड.

आता, आमच्या भागात धारवाड म्हणजे काय हे बेळगाव-खानापूरच्या माणसाला सांगायला नको. "याला धारवाडला धाडायला पाहिजे" ही आमच्याकडं शिवी आहे. १८४५ सालापासून तिथं वेड्यांचं इस्पितळ, आज त्याचं नाव डिमहान्स. चिठ्ठी वाचून दाखवल्यावर आक्का पाच मिनिटं बोललीच नाही. मग म्हणाली, "वाड्यात काय सांगायचं?" आम्ही ठरवलं, दाजींच्या हाताचं दाखवायला चाललोय असं सांगायचं. ते खोटं जानेवारीपर्यंत टिकलं. शेवटी आज्जीनंच फोडलं, आणि कुणाला काही वाटलं नाही. उलट दोन घरांतून हळूच विचारणा आली, "तिथं बायामाणसांचंबी बघत्यात काय?"

१९ डिसेंबरला पहिली खेप. आक्काला शक्ती योजनेमुळं (कर्नाटकातल्या बायकांना सरकारी बस फुकट) तिकीट शून्य, पोराला अर्धं, मला पूर्ण. आज्जी हट्टानं आली, तिचंही शून्य. आधार कार्डावर कर्नाटकचा पत्ता असला म्हणजे झालं. मूळ कार्ड जवळ ठेवा, म्हणजे कंडक्टरशी वाद नको. ५ जानेवारीपासून भाडं १५ टक्क्यांनी वाढलं, ते माझ्या एकट्याच्याच खिशाला लागलं. चहा-जेवण धरून एका खेपेला आम्हाला पाचशेच्या आसपास पडायचे. माझा बुडालेला पगार वेगळा.

तिथल्या समुपदेशक बाई कानडी, मराठी मोडकं. बाळूला कानडी शाळेपुरतं. मी मध्ये दुभाषी. पहिला अर्धा तास वाईट गेला. त्या विचारायच्या, मी भाषांतर करायचो, बाळू टेबलाचा कोपरा नखानं खरवडायचा. खोलीत खेळणी होती: सिंह, जिराफ, मोटारी. म्हैस नव्हती, अस्वल तर नव्हतंच. मग बाईंनी मला थांबवलं आणि आज्जीकडं वळून विचारलं, "तुम्ही याला काय म्हणता? तुमच्यात अशा पोराला काय शब्द आहे?"

आज्जी म्हणाली, "बुजलंय ओ पोरगं. रेडकू बुजतंय तसं."

हा शब्द मला कानडीत सांगता येईना. म्हणून आज्जीनं करून दाखवलं. खुर्चीतून उठली, मान वर, डोळे फाडले, मागचे पाय रोवावेत तशी टाचांवर झाली. सत्तरीची म्हातारी. बाळू तिच्याकडं बघायला लागला. बाईंनी विचारलं, बुजलेल्या रेडकाचं तुम्ही काय करता? आज्जी सांगत गेली. मारायचं न्हाय. आवळून बांधायचं न्हाय, आवळलं की जास्तच बुजतंय. ज्याला बुजलंय त्याच्या अंगावर घालायचं न्हाय. आईच्या बाजूनं चालवायचं, कळपात मधी ठेवायचं. लांबनं बघू द्यायचं. वास घेऊ द्यायचा. रोज थोडं जवळ. बाई सगळं लिहून घेत होत्या. मला म्हणाल्या, "हेच आम्ही पुस्तकातून शिकतो, फक्त इतकं चांगलं सांगता येत नाही."

त्या दिवसापासून आमच्यात आणि त्यांच्यात आजाराचं नाव हेच, बुजणं. कागदावर इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं आहे, ते मी फाईलला लावून ठेवलंय.

देवऋष्याचंही आक्कानं सांगून टाकलं, मी डोळ्यांनी दटावत असताना. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी विचारलं, जीव परत बोलवायचा म्हणजे नक्की काय करता? आज्जीनं सांगितलं: भ्यालेल्या जागेवर जायचं, नाव घेऊन तीनदा हाक मारायची, आणि मागं न बघता घरापर्यंत बोलत यायचं. बाई म्हणाल्या, करा की. पण आत्ता नको. तो स्वतः चला म्हणेल तेव्हा, दिवसाउजेडी, आणि बाप बरोबर पाहिजे. ओढून न्यायचं नाही. पुढं त्या म्हणाल्या की हळियाळकडं सिद्दी, म्हणजे आफ्रिकी वंशाच्या आदिवासी, मुलांबरोबर काम करताना त्यांना आधी काही जमत नव्हतं. मुलं दमामीच्या ढोलाजवळ बसली की बोलायची, खोलीत बोलायची नाहीत.

एकदा त्यांनी ऑस्ट्रेलियाचंही सांगितलं. तिथल्या मूळ रहिवाशांची मुलं सरकारनं कित्येक दशकं घरातून उचलून नेली. २००८च्या फेब्रुवारीत पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली आणि पुढच्या वर्षी त्या लोकांच्याच हातात एक संस्था उभी राहिली, हीलिंग फाउंडेशन नावाची. मुलाला एकट्याला खोलीत न बसवता घरच्या वडीलधाऱ्यांसकट, स्वतःच्या जमिनीवर, स्वतःच्या भाषेत बरं करायचं, अशी त्यांची रीत. आमचं दुःख तेवढं नाही, तशी बरोबरी करायचीही नाही. पण आक्का परतीच्या बसमध्ये म्हणाली, "आमच्या पोरालाबी हॉस्टेलला टाका म्हटला होता की त्यो." तेवढ्यापुरतं तिला ते बरोबर कळलं होतं.

इकडं भरपाईचं चक्र वेगळंच फिरत होतं. वन्य प्राण्यानं जखमी केलं तर वन खात्याकडं अर्ज करायचा, तो ई-परिहार नावाच्या ऑनलाईन पद्धतीत चढतो. जागेचा महजर (महाराष्ट्रातले लोक पंचनामा म्हणतात), दवाखान्याची मूळ बिलं, डिस्चार्ज कार्ड, आधार, बँक पासबुक. शहाणपणाची गोष्ट एकच: त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी रेंजर हापिसात कळवा आणि जखमेचे, जागेचे फोटो काढा. आमच्यातल्या एकानं ते केलं म्हणून वाचलो. बिलांच्या झेरॉक्स दोन जोड, मूळ प्रत देताना पोच घ्या. आमचं अडलं नावावर. आधारवर दाजींचं नाव कानडीत एक, पासबुकात इंग्रजीत दुसरं, शाळेच्या मराठी दाखल्यात तिसरं. एका माणसाची तीन माणसं. दुरुस्तीला सतरा दिवस.

त्यात डिसेंबर. बेळगावात सुवर्णसौधला कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन, जो अधिकारी विचारावा तो बंदोबस्ताला. अधिवेशन संपल्यावर २७ तारीख मिळाली. २६च्या रात्री माजी पंतप्रधान मनमोहन सिंग वारले, २७ला सरकारी सुट्टी. आम्ही जांबोटीहून पहाटे निघालेलो, कुलूप बघून परत. कुणाची चूक नाही त्यात, पण दाजी गेटजवळच्या कठड्यावर जे बसले ते तासभर उठले नाहीत. पैसे जूनमध्ये जमा झाले, ४३,६०० रुपये; खर्च त्याच्या अडीचपट झाला होता. अर्जात दाजींच्या जखमेला रकाना होता. बाळूच्या भीतीला नव्हता.

एका रकान्यावर मात्र माझी कायम बोटं थांबतात, जमातीच्या. सिद्दींना उत्तर कन्नडमध्ये २००३ पासून आणि आमच्या बेळगाव, धारवाडात २०२० पासून अनुसूचित जमातीचा दाखला मिळतो. आम्ही गवळी-धनगर त्याच रानात, तसल्याच घरांत राहतो, मागणी जुनी आहे, दाखला नाही. त्यामुळं आदिवासी मुलांसाठीच्या योजना वाचायच्या आणि पान उलटायचं.

धारवाडच्या दुसऱ्या खेपेला, ९ जानेवारीला, आज्जीनं पदरात बांधून चिकणमाती नेली. बेंदराला बैल करतात तशा तिनं तिथं टेबलावर म्हशी केल्या. बाळूनं शिंगं लावली. एकेकीचं नाव सांगितलं: चांदी, मोरी, टिकली. दोन महिन्यांत त्यानं एका दमात इतके शब्द बोललेले मी पहिल्यांदाच ऐकले. तिसऱ्या खेपेला त्यानं स्वतः एक गोळा केला, त्याला काडीनं केस ओरखडले, आणि म्हशींच्या रांगेत मधोमध आपटला. मग उचलला, परत आपटला. किती वेळा ते मी मोजलं नाही. बाईंनी मला हातानंच खूण केली, गप्प बसा. शेवटी त्यानं एक छोटा माणूस केला आणि तो टेबलाच्या कडेला नेऊन ठेवला. बाईंनी विचारलं, हा कोण? बाळू म्हणाला, "पळाला त्यो."

मी भाषांतर केलं आणि मग मला पुढं बोलता येईना.

आम्हाला वाटत होतं तो अस्वलाला भ्यालाय. तो बापाला टाकून पळाला, हे तो दोन-अडीच महिने पोटात घेऊन बसला होता. म्हणून बापाच्या तोंडाकडं बघत नव्हता. त्या आठवड्यात दाजींनी त्याला समोर बसवलं. दाजी फार बोलणारे नव्हेत. ते म्हणाले, "वाघरू आलं तर एकानं वाड्याकडं पळायचंच असतंय. माझ्या बानं मला हेच शिकवलं. तू थांबला असतास तर दोघंबी गेलो असतो." एवढंच. बाळूनं ऐकलं की नाही तेही त्या वेळी कळलं नाही. पण त्या रात्री तो बापाच्या बाजूला झोपला, नीट नसलेल्या हाताकडच्या बाजूला.

फेब्रुवारी ते एप्रिल आम्ही आज्जीचीच पायरी-पायरी वापरली, बाईंनी ती वहीत मांडून दिली होती. आधी नुसती गळ्यातल्या लाकडी घंटेची आठवण: घंटा हातात, म्हैस नाही. मग दुपारच्या उन्हात कपाळावर पांढरा टिकला असलेलं रेडकू, लांबनं. मग हातातून कोंडा. संध्याकाळ सगळ्यात शेवटी. एक आठवडा पुढं, दोन आठवडे मागं असं चालायचं. मार्चमध्ये रात्री वळीव पडला, वीज कडाडली आणि पोरगं परत पहिल्या पायरीवर. मी वैतागून बाईंना फोन केला, तर त्या म्हणाल्या, आज्जींना विचारा, रेडकू परत बुजलं तर त्या काय करतात.

ढोलही कामाला आला, ठरवून नव्हे. आमच्यात दसरा मोठा, गजा नाच असतो, दाजी वाड्याचे ढोलकरी. उजवा हात गेल्यापासून ढोल आढ्याला टांगलेला. एका संध्याकाळी दाजींनी तो खाली काढला, डाव्या हातानं वाजवून बघायला. ठेका चुकत होता. बाळू आतून झांज घेऊन आला आणि बापाचा ठेका धरायला लागला. अंधार पडला होता, म्हशी दावणीला होत्या, आणि त्याचं तिकडं लक्ष नव्हतं.

भ्यालेल्या जागेवर आम्ही २० एप्रिलला गेलो. दोन दिवस आधी त्यानंच म्हटलं होतं, जाऊया. सकाळी दहाला आज्जी, दाजी, आक्का, बाळू, मी आणि वाड्यातले चौघं निघालो. कारवीची जाळी वाळलेली, जागा अगदी साधी. आज्जीनं तीनदा हाक मारली. परत येताना मागं बघायचं नसतं. बाळूनं एकदा बघितलं. आज्जीनं पाहिलं, पण बोलली नाही.

मे महिन्यात नवीन काळजी आली. आमच्या पलीकडं भीमगड अभयारण्य, २०११ला जाहीर झालेलं. तिथल्या तळेवाडीच्या काही कुटुंबांनी १५ लाखांचं पॅकेज घेऊन गाव सोडायला सुरुवात केली. मोठ्यांचं बोलणं पोरं ऐकतात. बाळूनं विचारलं, "आम्ही गेलो तर म्हशी कुठं ऱ्हाणार?" आम्हाला कुणी उठा म्हटलेलं नाही, पण याचं खरं उत्तर माझ्याकडं नव्हतं. बाईंनी सांगितलं, जे माहीत आहे तेवढंच सांगा, नाही माहीत ते नाही माहीत म्हणा.

सप्टेंबरात सहावी आणि तूर्त शेवटची खेप झाली. अंथरूण कोरडं असतं. शाळेत हजेरी पूर्ण. म्हशी आणायला बापाबरोबर जातो, पण दिवस मावळायच्या आत परत येतो. खरं तर आता आम्ही सगळेच येतो. कुकरच्या शिट्टीला अजून दचकतो. आणि रात्री सौरदिवा लावल्याशिवाय झोपत नाही. तो दिवा आम्ही खानापूरच्या बाजारातून ७५० रुपयांना आणला होता.

बाईंनी हळूच विचारलं, दिवा बंद करायची पायरी कधी घ्यायची? मी आज्जीला मराठीत सांगितलं. आज्जी म्हणाली, "जळतोय तर जळू दे की ओ. सूर्याचं फुकटचं हाय."

बाईंनी वहीत काही लिहिलं नाही.